घोडीकडची

वरातीतल्या घोडीला तुम्ही कधी गूळ भरवला आहे का? भरवला असणारच. तळहातावर खडा ठेवायचा, तिच्या ओठांची मऊ गुदगुली झाली की हात मागे घ्यायचा, हसायचं, फोटो काढायचा. आता खरा प्रश्न. भरवण्याआधी तुम्ही कुणाला विचारलं होतं?

नाही ना. विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नसतं. डॉ. शमीम परकार भेटेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

परकारबाई जनावरांच्या डॉक्टर. पनवेलमध्ये वडाळे तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. त्यांची एक सवय बऱ्याच लोकांना ठाऊक होती. त्या बिनबोलावता लग्नांना जायच्या. नात्याच्या नव्हेत, ओळखीच्या नव्हेत. विचुंब्यात, खांदा कॉलनीत, उरणच्या रस्त्यावरच्या एखाद्या हॉलवर, जिथे हिराजीची पांढरी घोडी जाईल तिथे मागून स्कूटरवर बाई हजर. डोक्यावरून ओढणी, तिची टोकं कमरेला खोचलेली, पायात गमबूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. घोडीच्या डाव्या अंगाला चिकटून चालायच्या. नाचायच्या नाहीत, हसायच्या क्वचित, आणि पंगतीला तर कधीच बसायच्या नाहीत. कुणी जेवायचा आग्रह केला तर म्हणायच्या, "मी कामावर आहे."

वरातीत असा अनोळखी माणूस दिसला की कुणीतरी विचारतंच. एका लग्नात फेटा बांधलेल्या एका काकांनी विचारलं, "ताई, आपण मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

बाईंनी वर न बघता सांगितलं, "घोडीकडची."

काका इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. बाई हसल्या नाहीत. त्या तेव्हा घोडीच्या पुढच्या पायाशी उकिडव्या बसून खुरावर उलटा हात ठेवून बघत होत्या. नवऱ्या मुलाचा एक मित्र ओरडला, "ओ मॅडम, नवरदेव वर हाय, खाली नाय! पाया कुनाच्या पडता?"

"वरच्याला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या आणि दुसरं खूर तपासायला लागल्या.

त्या घोडीचं नाव जाई. तिचा मालक हिराजी विचुंब्याचा. आजूबाजूची शेतं गेली, टॉवर आले आणि दोन टॉवरांच्या मधल्या पट्टीत हिराजीचा पत्र्याचा तबेला राहिला. वरच्या मजल्यांवरचे लोक लिदीच्या वासाबद्दल तक्रारी करायचे आणि रविवारी मुलांना घेऊन घोडी दाखवायला खाली यायचे. जाई आजारी पडली तेव्हा मी तिथे पहिल्यांदा गेले. घोडीसाठी नव्हे, नाल्यासाठी. तबेल्यामागून एक काळा नाला वाहतो आणि मी त्यावर पत्रक काढायच्या तयारीत होते. आमच्या घरी पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील युनियनचे. वाचायला मी पत्रकांवरच शिकले. पत्रकाचं व्याकरण सोपं असतं. काय झालं, कुणी केलं, आता आपण काय करायचं. मला वाटलं, इथे तिन्ही गोष्टी तयार आहेत. घोडी आजारी, नाला दोषी, डॉक्टरांची सही घेतली की काम झालं.

तबेल्यात बाई उभ्या होत्या. जाईचे चारही पाय खांबासारखे सुजले होते, पोटाखाली सूज उतरली होती, अंगावर गांधी उठल्या होत्या. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. हिराजी तिच्या तोंडाशी बादली धरून बसला होता. "सकालपासून पान्याला तोंड लावलं नाय, बाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू दर वेळी सांगितल्यावर उत्तर वेगळं येईल.

मी पत्रकाचा मसुदा पुढे केला. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. त्यांचा एक पाय सतत हलत असे, तेव्हाही हलत होता.

"नाल्याच्या पाण्याने झालं, असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"पण पाणी घाण आहे."

"घाणच आहे. मी तपासायला दिलं होतं. जाई ते पीत नाही, ती टाकीचं पिते. नाल्यावर वेगळं पत्रक काढ, मी सही करते. हिच्या नावावर नको."

"मग हिला झालंय काय?"

"माहीत नाही."

एवढ्या सरळ आवाजात हे दोन शब्द मी आधी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आमच्या सभांमध्ये कुणी "माहीत नाही" म्हणत नसे. ज्याला माहीत नसे तो जास्त मोठ्याने बोलत असे.

पुढच्या काही आठवड्यांत मी पाहिलं की ते दोन शब्द आळसाचे नव्हते. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, एकदा इथे, एकदा बाहेर. माशा चावून रक्तात शिरणारे किडे पाहिले, गोचिडांचे ताप पाहिले, माणसाला लागू शकेल असा रोग नाही ना याची खात्री केली. चारा बदलला, अंथरूण बदललं, अँटिबायोटिक देऊन पाहिलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच. हे नाही, तेही नाही. गावाकडे मात्र कारणांचा तुटवडा नव्हता. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे बांधकामाची धूळ, कुणी म्हणे मोबाइलचा टॉवर. बाई सगळ्यांचं ऐकायच्या, धुळीचंही तपासायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "कारण सापडलं नाही, याचा अर्थ कारण नाही असा नाही. पण न सापडलेलं कारण मी सापडलं म्हणून सांगणार नाही."

"मग पत्रकात काय लिहू?" मी वैतागून विचारलं.

"लिही, माहीत नाही."

"असलं पत्रक कोण वाचेल?"

"खोटं वाचून कंटाळलेला कुणीतरी असेलच की."

शेवटी त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. आधी इंजेक्शन, मग गोळ्या. काही दिवसांतच जाईचे पाय उतरले, ताप गेला, ती हिराजीचा शर्ट चावायला लागली. तबेल्यात सणासारखी गर्दी झाली. गावातला एक जिमवाला तरुण आला, दंडाची बेडकी दाखवत म्हणाला, "डाक्तरीन बाय, आमच्या जिममधी पोरं घेतात तेच ना हे? मंग आता घोडी रेसला लावा!"

"तुमच्या पोरांना पाठव माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "त्यांचीही खुरं बघते."

सगळे हसले. मग बाईंनी त्या गर्दीला जे सांगितलं ते मी विसरले नाही. "ही बरी झालेली नाही. हे औषध आजाराला घालवत नाही, गप्प बसवतं. कुणाला गप्प बसवलं म्हणजे त्याला पटलं असं समजायचं नसतं." आणि माझ्याकडे वळून, "हे तुझ्या पत्रकातही चालेल, नाही का?"

झालंही तसंच. गोळी कमी केली की सूज परत. थोडी वाढवली की घोडी ठणठणीत. एकदा हिराजीने ती चकचकीत कांती बघून स्वतःच औषध बंद केलं. "बरी झाली की, बाय. उगाच कशाला पोटात इख?" जाई दोन दिवसांत अशी मलूल पडली की मानही उचलेना. बाई आल्या, औषध दिलं आणि मग हिराजीला तबेल्याबाहेर उभं करून बोलल्या. शिवी एकही नव्हती, पण टॉवरच्या पहारेकऱ्याने आपण दिसू नये म्हणून फाटकाचा दिवा विझवला.

"या औषधासारखंच द्रव्य शरीर स्वतः बनवतं," त्या म्हणाल्या. "आपण बाहेरून द्यायला लागलो की शरीर ते काम सोडून झोपतं. त्याला हळूहळू उठवायचं असतं. घरात पाहुणा बरीच वर्षं राबला आणि एका सकाळी निघून गेला तर चूल कोण पेटवणार?"

म्हणून ठरलं. शक्य तेवढी कमी गोळी, एक दिवसाआड, किती काळ ते माहीत नाही. आणि एक मोठी अट. गूळ नाही, डाळ नाही, गोड काहीही नाही. या औषधावर असलेल्या घोडीची खुरं आतून सुजायचा धोका असतो आणि गोड-धान्य पोटात गेलं की तो वाढतो. खूर आतून सुटलं की घोडी उभी राहू शकत नाही. "उभी राहू न शकणारी घोडी जगत नाही," बाई म्हणाल्या. "एवढं मात्र मला नक्की माहीत आहे."

पनवेलच्या आसपास कुठल्याही जनावराला गोळी द्यायची तर ती गुळात घालून देतात. तोच बंद झाला. गोळी कडू. जाई ती थुंकायची, कधी हिराजीवर, कधी बाईंवर. बाईंनी दुधी करून पाहिला, भोपळा करून पाहिला. शेवटी काकडी पोखरून आत गोळीची पूड भरली तेव्हा जाईने ती मिटक्या मारत खाल्ली. बाईंनी हात वर करून "काकडी!" अशी आरोळी ठोकली. मी त्यांना मोठ्याने आनंद करताना पाहिलं ते तेव्हाच.

माझा एक आक्षेप होता, तो मी लपवला नाही. आजारी घोडीला औषध देऊन वरातीला जुंपायचं, हा छळ नाही का? मुळात वरातीला घोडी हवीच कशाला?

"दुसरा प्रश्न चांगला आहे. त्याच्यावर लढ," बाई म्हणाल्या. "पहिल्याचं उत्तर असं की बांधून ठेवलेल्या घोडीचे पाय जास्त बिघडतात. चालणं तिला हवं. ओझं नको."

म्हणून त्यांनी हिराजीला आणखी नियम घालून दिले. अंतर थोडं, डीजेच्या भिंती लांब, आणि नवरदेव हलका. हिराजी बिचारा लग्नाची सुपारी घेताना मुलाच्या बापाला विचारायचा, "पोऱ्याचं वजन किती?" एकदा एक बाप भडकला. "तुला घोडी द्यायची हाय का मुलगी?" भारी नवरदेवांसाठी बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "त्याला गाडी करा म्हणावं. गाडीला खुरं नसतात."

पण वजनाचे तंटे सोपे होते. गुळाचे नव्हते. वरात निघताना नवऱ्या मुलाची आत्या, बहिणी, करवल्या डाळ-गुळाचं ताट घेऊन घोडीला भरवायला येतात. घोडीने खाल्लं की शकुन झाला. तिथे गमबूट घातलेली एक मुसलमान बाई आडवी उभी राहून म्हणते, भरवू नका. विचार करा. हल्लीच्या दिवसांत. मला प्रत्येक वेळी भीती वाटायची. बाईंना वाटत असेल तर त्यांनी ती दाखवली नाही. त्यांचा पाय मात्र जास्त जोरात हलायचा.

विचुंब्याजवळच्या एका आगरी लग्नात ते टोकाला गेलं. मुलाची आत्या ताट हातात घेऊन ठाम उभी. "शकुनाचा गूल हाय. नाय कशी म्हनता तुमी? आमच्याकडं रीत हाय."

"रीत आहे हे मान्य," बाई म्हणाल्या. "घोडी औषधावर आहे हेही मान्य करा."

"तुमी कोन सांगनारं?"

मागून एकदोन आवाज चढले. हिराजी पांढरा पडला. बाईंनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि तरातरा चालत मांडवात गेल्या, तिथे पार्वताबाय बसली होती. पार्वताबाय म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचं गाणं हाच मंत्र. ती गाते तेव्हा विधी पुढे सरकतो, ती थांबते तेव्हा थांबतो. बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे घोडीला साखर झाली?" पार्वताबायने विचारलं. "डायबिटीस?"

मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणून टाका, लगेच समजेल तिला. बाई म्हणाल्या, "तसं समजा... नाही, तसं नका समजू. तसं नाहीये ते. हिला काय झालंय ते मलाच माहीत नाही. पण जे औषध चालू आहे त्याच्यावर गोड खाल्लं तर हिचे पाय जातील."

पार्वताबायने तोंडातला पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "माझ्या सासूला साखर होती. सत्यनारायनाचा परसाद घेतल्याबिगर उठायची नाय. मी तिच्या हातावं तुलशीचं पान ठेवायची. देव कदी रागावला नाय." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, बाहेर आली, आत्याच्या ताटातला गूळ उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाली, "हरली आना. गनपतीला चालतंय ते घोडीला नाय चालनार?"

पोरं धावली. मांडवामागून मूठभर हरळी आली. आत्याने ती भरवली, जाईने खाल्ली, शकुन झाला. पार्वताबायने लगेच आपल्या गाण्यात, धवल्यात, एक नवी ओळ गुंफली, हिरव्या हरळीची आणि पांढऱ्या घोडीची. त्या लग्नसराईनंतर आसपासच्या गावांत ही रीतच पडली. हिराजीच्या घोडीला हरळी.

मी परत येताना बाईंशी भांडले. म्हटलं, तुम्ही शकुनाला शकुन दिलात. रीत मोडायला हवी होती.

"तू मोड," त्या स्कूटर सुरू करता करता म्हणाल्या. "मी बदलते. बघू कुणाची घोडी जास्त दिवस चालते."

मला ते तेव्हा पटलं नाही. पूर्ण पटलेलं आजही नाही. पण जाई पुढची लग्नसराई चालली, हेही खोटं नाही.

गावांतलं काम झालं, पण खांदा कॉलनीत, नवीन पनवेलच्या हॉलांमध्ये पार्वताबाय कुठून आणायची? तिथली माणसं दर लग्नाला नवी, कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं. म्हणून बाईंनी एक पाटी करून घेतली आणि जाईच्या गळ्यात झेंडूच्या माळेखाली अडकवली. दोन ओळी होत्या. *मला काही भरवू नका. मी औषधावर आहे.* पाटी छान चालली. लोक वाचायचे, "अरे वा" म्हणायचे, फोटो काढायचे आणि गूळ खिशात परत ठेवायचे.

मग ते खांदा कॉलनीतलं लग्न आलं. गोरज मुहूर्त. रमजान चालू होता आणि बाईंचा रोजा होता. वरात सोसायटीच्या फाटकाशी पोचली तेव्हा सूर्य बुडत होता. नवरदेव उतरला, ओवाळणं सुरू झालं, हिराजी लगाम खांबाला बांधून घोडीवरची झूल उतरवून ठेवायला रस्त्यापलीकडे गेला. बाईंनी घड्याळ पाहिलं, पहारेकऱ्याच्या खोलीच्या आडोशाला गेल्या, ओढणीच्या टोकातली खजुराची बी काढलेली फोड तोंडात टाकली आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. मी त्यांच्याजवळच उभी होते. रोजा सोडायला लागतो तेवढाच वेळ.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी आमच्याकडे आली. नऊवारी, ठेंगणी, चेहरा असा की बघताच आपली वाटावी. तिच्या हातात डिंकाचा लाडू होता.

"तुझा उपास आहे ना गं बाळा? फाटकावर कुणीतरी सांगितलं. घे, यावर सोड. घरचा आहे, साजूक तुपातला." तिने लाडू बाईंच्या हातात ठेवला आणि मायेने म्हणाली, "तुझ्या घोडीलाही दिले हो. पाटी वाचली मी. आजारी आहे ना बिचारी? डिंकाने शक्ती येते. डबाभर आणले होते सुनेसाठी, सगळे खाल्ले गुणी पोरीने."

बाईंच्या हातात तो लाडू तसाच राहिला. लग्नात त्यांनी हातात घेतलेला तो एकच घास. ओरडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही प्रेमाने दिलंत," आणि पळत सुटल्या.

पुढचे दिवस बर्फाचे. हिराजी मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणायचा, घमेल्यांमध्ये फोडायचा आणि जाईचे पुढचे पाय त्यात उभे करायचा. तबेल्यात जाड वाळू पसरली. बाई सकाळी यायच्या, दुपारी यायच्या, खुरावर उलटा हात ठेवायच्या, वरच्या शिरेची धडधड बोटांनी मोजायच्या. खुरं तापली होती. जाई भार मागच्या पायांवर टाकून, पुढचे पाय लांबवून, विचित्र अवघडून उभी राहायची. मग आडवी व्हायला लागली. मग उठेना. बाईंनी खुरांचे एक्स-रे काढून दूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. खुराच्या आतलं हाड खाली सरकलं होतं.

हिराजीच आधी बोलला. "बाय, आता बास. तिला तरास नको."

शेवटचं इंजेक्शन बाईंनीच दिलं. हिराजी तिची मान मांडीवर घेऊन बसला होता. मला वाटलं, आता तरी बाई बसतील. त्या बसल्या नाहीत. हात धुतले, हिराजीच्या खांद्यावर तोच उलटा हात क्षणभर ठेवला, जसा ताप बघतात तसा, आणि कुणाची तरी शेळी अडली होती तिकडे गेल्या.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता: *लाडवांनी घेतला बळी!* त्यात सोसायटी होती, आंधळं प्रेम होतं, पाटी वाचूनही न कळणारा सुशिक्षित वर्ग होता. संध्याकाळी ते दवाखान्यात नेलं. टेबलावर एक लॅब्रॅडॉर होता, बाई त्याचा कान साफ करत होत्या. एका हाताने कुत्रा धरून त्यांनी वाचलं. मग पेन मागितलं आणि मथळा खोडला.

"का? खोटं आहे?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "लाडवांनी झालं असेल. माझ्या औषधाने झालं असेल. इतके दिवस ते खुरांना पोखरत होतं आणि लाडू फक्त निमित्त झाले असतील. किंवा तिचा मूळ आजारच असेल, ज्याचं नाव मला कधी कळलं नाही. तुला लिहायचंच असेल तर पहिल्या ओळीत माझं औषध लिही."

"तुम्ही तिला जगवलंत!"

"जगवलं. आणि तिची खुरंही कमजोर केली असतील. दोन्ही खरं आहे. एकच लिहिशील तर तो खोटेपणा."

"मग त्या आजीचं काहीच चुकलं नाही?"

बाईंनी कुत्र्याचा कान सोडला. "चुकलं माझं. त्या पाटीवर दुसरी ओळ लिहायला नको होती. माणसाला कारण सांगितलं की तो लगेच त्याच्यावर आपला उपाय काढतो. आजारी म्हटलं की आपल्याकडे खाऊ घालतात. मी काय, माझी अम्मी काय, तेच करतो." त्यांनी माझं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत खोडत नेलं. शेवटी एक शब्द शिल्लक राहिला, त्याभोवती त्यांनी गोल केला. *विचारा.*

"एवढंच ठेव," त्या म्हणाल्या. "बाकी सगळा तुझा राग आहे. तो नाल्यासाठी जपून ठेव."

मला आजही ते पूर्ण सहन होत नाही. पत्रकाला शत्रू लागतो. इथे शत्रू नव्हता. एक आजी होती, साजूक तूप होतं, सूर्यास्ताची वेळ होती. अशा गोष्टीवर मूठ कुठे आपटायची? मी अजून शोधते आहे. बाईंनी शोधणं सोडून कामाला लागायचं ठरवलं होतं, एवढाच आमच्यातला फरक.

नंतर दवाखान्याची ती गल्ली पुनर्विकासात गेली. अम्मी एकट्या होत्या म्हणून बाई श्रीवर्धनकडे आपल्या गावी गेल्या. तिथेही दवाखाना आहे, तिथेही त्या उभ्याउभ्याच चहा पितात आणि अर्धा टाकून निघतात, असं ऐकते. हिराजीने दुसरी घोडी आणली. ती धडधाकट आहे, तिला कसलंही औषध नाही. तरी तो तिला हरळीच भरवू देतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "रीत हाय."

बाई अधूनमधून फोन करतात. माझी चौकशी नाही, हवापाणी नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "काय पत्रकवाले, विचारतात का गं लोक?"

मला "हो" म्हणता येत नाही. "नाही" म्हणवत नाही. मग मी त्यांचेच दोन शब्द त्यांना परत देते. माहीत नाही.

ते उत्तर तुमच्या हातात आहे. पुढच्या वरातीत ताट पुढे येईल, कुणी तुमच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवेल, घोडी मान पुढे करेल. तेव्हा मूठ मिटा. लगाम ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघा आणि विचारा, "भरवू का?" तो नको म्हणाला तर हात मागे घ्या. कारण विचारू नका.